घराची गोष्ट कोण सांगतं?

१९३९ साली वाशिममध्ये एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, दिलेल्या दानाचा तो लेख. दान द्यायचं तर काय दिलं, कोणाला दिलं आणि कोणत्या सवलती दिल्या एवढं लिहिलं की व्यवहार पुरा होतो. पण लेखात आधी घराणं येतं. आजोबा प्रवरसेन, वडील सर्वसेन, आणि मग स्वतः राजा. घराण्याचा हा भाग संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. जमिनीचं बोलायला रोजची भाषा चालली, आपण कोणाचे हे सांगायला मात्र ठेवणीतली लागली. राजाचं स्वतःचं नावही पणजोबाचं. पणजोबांचा उल्लेख लेखात नाही, तरी पणतूच्या नावात ते बसलेले आहेत.

आमच्याकडे आजही अनोळखी पोरगा बांधावर दिसला की म्हातारा माणूस विचारतो, "कोनाचा रे तू बाप्पा?" पोराचं स्वतःचं नाव त्याला नंतर कळलं तरी चालतं. आधी बाप, मग गाव, जमलं तर मामाचं गाव. हे तीन धागे जुळले की त्या पोराला चहा मिळतो. पुष्कळांना हा प्रश्न जुनाट वाटतो, आणि त्यातून जात काढायचा डाव असतो तेव्हा तो ओंगळही असतो. तरीही त्यातलं एक निरीक्षण मला खरं वाटतं. माणूस स्वतःपासून सुरू होत नाही. तो कोणीतरी आधीच सुरू केलेल्या गोष्टीत येऊन पडतो, आणि ती गोष्ट त्याला कोणी सांगितली, कशी सांगितली, त्यातून कोणाला वगळलं, यावर त्याचं बरंचसं घडणं ठरतं.

वगळणं किती मोठं असू शकतं हे त्याच वाकाटकांनी दाखवून ठेवलं आहे. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे आणि त्यात वाकाटकांची वंशावळ आहे. अक्षरं झिजलेली. आधीच्या अभ्यासकांनी झिजलेल्या जागी नंदिवर्धनाकडच्या, म्हणजे नागपूर बाजूच्या थोरल्या शाखेतली माहितीची नावं बसवली. चूक सहज होण्यासारखी होती, कारण दुसरी शाखा असेल अशी कोणाला शंकाच नव्हती. वाशिमचा ताम्रपट हाती आला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, आणि सर्वसेनापासून हरिषेणापर्यंतचं वत्सगुल्माचं घराणं वेगळं उभं राहिलं. अजिंठ्याची काही अप्रतिम लेणी ज्यांच्या काळात कोरली गेली ते हे लोक. ज्या सर्वसेनाने प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचलं तो याच घराण्याचा मूळपुरुष. इतकं सगळं करून ठेवलेली माणसं, आणि शतकानुशतकं ती भावकीच्या पोटात गडप झाली होती. घराघरांतूनही हेच चालतं. थोरल्या काकांच्या कर्तबगारीखाली धाकटे काका जातात, शिकलेल्या भावाच्या गोष्टीखाली त्याच्या शिक्षणासाठी शाळा सोडलेली बहीण जाते.

थोरल्या शाखेतली एक बाई मात्र अशी गडप व्हायला तयार नव्हती. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, कारभार तिच्या हाती आला. तिने दिलेले ताम्रपट उपलब्ध आहेत. त्यांत ती वंशावळ देते ती माहेरची, गुप्तांची. आईचं नाव कुबेरनागा, ती नागकुळातली, हेही नोंदवते. गोत्र सांगते तेही वडिलांचं, धारण. सासरचं राज्य चालवताना, सासरच्या गादीवरच्या मुलासाठी सही-शिक्का करताना, ‘मी कोण’ या प्रश्नाचं उत्तर तिने आईबापांकडून दिलं. गुप्तांचं नाव घेण्यात राजकीय फायदा होता, हे उघड आहे. पण फायदा बापाच्या नावाचा होता. आईचं नाव आणि आईचं कूळ लिहायला कोणता फायदा लागला असेल? मला तिथे एक मुलगी दिसते.

सगळ्याच बायकांना तांब्याचा पत्रा मिळाला नाही. त्यांना जातं मिळालं. पहाटे दळताना जी ओवी आली तिच्यात आई, बाप, भाऊ, भावजय, माहेरची वाट, सासूचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीचा विठोबा हे सगळं येत राहिलं. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये या ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायकांकडून ऐकून लाखावर ओव्या नोंदवल्या. वंशावळीत जिला जागा नव्हती तिने स्वतःची वंशावळ गळ्यात ठेवली, आणि मांडीवर झोपलेल्या लेकराच्या कानावर ती रोज पडत गेली. मामा या माणसाबद्दल मराठी मनात जो ओलावा असतो तो आपोआप आला असेल असं मला वाटत नाही. तो आईनेच तिथे पेरला आहे. गावात पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यांचे हाल थांबले, ते फार चांगलं झालं. पण रोज पहाटे घराची गोष्ट सांगण्याची ती वेळ गेली, आणि तिच्या जागी दुसरी वेळ आपण ठरवली नाही.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं हे ठिकाण, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला इथे तेलंगणापासून कर्नाटकापर्यंतचे तांडे येतात. त्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रातला माणूस ती देवनागरीत लिहितो, तेलंगणातला तेलुगूत, कर्नाटकातला कन्नडमध्ये. तरी दोन राज्यांतले अनोळखी बंजारे भेटले तर काही वाक्यांत नातं लावतात: राठोड की पवार, चव्हाण की जाधव, त्यातलं गोत कोणतं, मूळ तांडा कोणता. ही माहिती कागदावर नव्हती. ढाडी आणि भाट यांच्या तोंडी होती, म्हाताऱ्यांच्या तोंडी होती, आणि सगळ्यात जास्त बायकांच्या गाण्यांत होती. लग्नात निरोप घेताना नवरी ढावलो गाते. याडीच्या म्हणजे आईच्या, बापाच्या, भियाच्या म्हणजे भावाच्या गळ्यात पडून ती रडते आणि त्या रडण्यातच एकेकाचं देणं बोलून दाखवते. कोणी जपलं, कोणी खाऊ घातलं, कोणाचा तांडा मागे राहतो आहे. जाणाऱ्या मुलीसाठी तो शोक असतो. कडेला उभ्या लहान मुलांसाठी मात्र ती आपल्या माणसांची पहिली शिकवणी असते.

या समाजाची गोष्ट बाहेरच्यांनी फार वाईट सांगितली. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर ने-आण करणारे हे व्यापारी. आगगाडी आली, त्यांचा धंदा बसला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात अनेक भटक्या समूहांवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का पडला. तो कायदा १९५२ मध्ये गेला. महाराष्ट्रात बंजारा आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. अशा शिक्क्याखाली वाढणाऱ्या मुलाकडे घरची दुसरी गोष्ट नसती तर त्याचं काय झालं असतं? ती होती: आपण लदेणी करणारे, शब्द पाळणारे, सेवाभायाचे म्हणजे सेवालाल महाराजांचे. आणि मग पोहरादेवीपासून फार दूर नसलेल्या पुसदजवळच्या गहुली तांड्यात १९१३ साली जन्मलेला एक मुलगा वकील झाला आणि १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. वसंतराव नाईकांच्या धोरणांबद्दल मतभेद असू शकतात. पण वाशिम-यवतमाळच्या तांड्यांतल्या पोरांना ‘आपल्यातला एक’ हे वाक्य त्यांच्यामुळे बोलता आलं, आणि त्या वाक्यावर किती जणांनी शाळेची वाट धरली असेल याचा हिशेब कोणत्याही योजनेच्या अहवालात येणार नाही.

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश या मानसशास्त्रज्ञांनी घरच्या गोष्टीचं हे बळ तपासायला २००१ च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले. आजीआजोबा कुठे वाढले ठाऊक आहे का? आईवडील कसे भेटले? तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं? घरात कोणावर मोठं संकट आलं होतं का? ही कल्पना सुचली होती ड्यूक यांच्या पत्नी सारा यांना. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना दिसलं होतं, की ज्यांना घरची माहिती जास्त ती मुलं अडचणींना जास्त नेटाने तोंड देतात. वीस प्रश्नांतूनही तेच दिसलं. ज्यांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता, आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे अशी भावनाही जास्त होती. ड्यूक यांनी एक खबरदारी बजावून सांगितली: उत्तरं पाठ करून घेतली तर काही साधणार नाही. ताकद त्या एकत्र जेवण्यात, बसण्यात, पुन्हापुन्हा सांगण्याऐकण्यात आहे. आणि मुलांना सर्वांत पेलणारी गोष्ट कोणती? आपण सतत वरच चढलो ही नव्हे, आपलं सगळं गेलं हीही नव्हे. चढलो, पडलो, पुन्हा सावरलो, आणि त्यात एकमेकांना धरून राहिलो, ही.

घरची प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असं मात्र मी म्हणणार नाही. ‘तुझ्या आत्याने एका शब्दावर जमिनीचा हिस्सा सोडला, केवढं मन तिचं’ ही गोष्ट आमच्या घराघरांत कौतुकाने सांगतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच राहतात, कारण कायद्याच्या आधी ती गोष्ट मुलीपर्यंत पोचलेली असते. चांगली बहीण कशी असते हे तिला आठव्या वर्षी कळलेलं असतं. त्या गोष्टीत आत्याला पुढे काय भोगावं लागलं, नवरा गेल्यावर ती कोणाच्या दारात उभी राहिली, हे कोणी सांगत नाही. ते सांगितलं तर पुढची सही इतकी सहज होणार नाही, म्हणूनच ते सांगायला हवं.

हे सगळं लिहिताना माझं मन मुख्यतः दुसऱ्याच घरांकडे ओढ घेतं. विदर्भातले शेतकरी आत्महत्यांनी पोळलेले जे सहा जिल्हे २००६ मध्ये पंतप्रधानांच्या ३,७५० कोटींच्या पॅकेजसाठी निवडले गेले, त्यांत वाशिम होता. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला, सोयाबीन-तुरीवर जगणारा, बहुतांशी पावसाच्या भरवशावरचा जिल्हा. आज इथे अशी शेकडो मुलं तरुण झाली आहेत, ज्यांच्या बापाची गोष्ट सरकारी कागदावर लिहिली गेली. शेती नावावर होती का? कर्ज कोणाचं? वसुलीचा तगादा होता का? उत्तरं बसली तर प्रकरण ‘पात्र’ आणि एक लाखाची मदत. नाही बसली तर ‘अपात्र’. मदतीसाठी चौकशी लागते, हे समजतं. पण त्या चौकशीने घरात काय केलं ते पाहा. नवरा गेलेल्या बाईला त्याच्या आयुष्यातलं फक्त शेवटचं कर्ज आणि शेवटची रात्र तलाठ्यासमोर, समितीसमोर, पत्रकारांसमोर, पुढाऱ्यांसमोर सांगावी लागली. लेकरं दारात उभी राहून ऐकत होती. पुन्हापुन्हा सांगितलेली हीच एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली. ‘अपात्र’ हा शेरा प्रकरणाला असतो, पोराच्या कानाला तो बापावरचा शेरा वाटतो.

बाहेर ही एवढीच गोष्ट आणि घरात त्याउलट काहीच नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो असतो, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आईला वाटतं पोरांना त्रास नको. आजी म्हणते, जुनं कशाला उकरता. सासरचे आणि माहेरचे एकमेकांना दोष देऊन थकलेले असतात. ही शांतता मायेपोटीच येते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण मूल त्या शांततेत स्वतःची गोष्ट रचतं, आणि एकट्याने रचलेली गोष्ट बहुधा कठोर असते: बाप आम्हाला सोडून गेला, बाप कच्चा होता, माझ्यातही तेच असेल. हे तिसरं वाक्य सर्वांत भयंकर आहे. ते बोलून दाखवायला मुलाला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि काही जण कधीच बोलत नाहीत.

चाळीस वर्षं जगलेल्या माणसाचा एकच दिवस त्याच्या लेकरांना वारसा म्हणून मिळावा, याला माझी हरकत आहे. बाकीचे दिवस गावात अजून जिवंत आहेत. ते ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. तेव्हा एमरीच्या त्या प्रश्नांसारखे प्रश्न वाशिमसाठी काढायचे झाले तर मी हे काढीन. बाबांना विहिरीत पोहायला कोणी शिकवलं? पोळ्याला त्यांची जोडी कशी सजायची, बैलांची नावं काय होती? शाळा कोणत्या वर्गात सुटली आणि का? गावात सोयाबीन पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी पेरलं का, काय भाव मिळाला? पोहरादेवीच्या किंवा कारंज्याच्या यात्रेत ते काय घ्यायचे? आईला पाहायला गेले तेव्हा काय बोलले? रागावले की काय करायचे? माझं नाव कोणी ठेवलं? ज्या वर्षी पीक चांगलं आलं त्या वर्षी घरात काय आलं? त्याआधीही कधी सगळं बुडालं होतं का, आणि तेव्हा घर कसं सावरलं?

आणि ते कसे गेले, हाही प्रश्न त्यात हवा. तो पहिला नको, पण गाळूही नये. त्याचं उत्तर आईने तिला जमेल तेव्हा, तिच्या शब्दांत द्यावं. त्यात भाव पडले होते, पाऊस गेला होता, बँक आणि सावकार होते, मनाचा आजारही असेल, आणि त्या आजाराला इलाज असतो हेही पोराला त्याच वेळी कळावं. तोवर बाकीच्या प्रश्नांसाठी आत्या आहे, मामा आहे, बापाबरोबर वखर हाकलेला शेजारचा गडी आहे. दिवाळीला ही सगळी माणसं घरी येतात. फराळाचं ताट समोर ठेवून त्यांना बोलतं करायचं काम यंदा ज्याच्या त्याच्या घरातल्या थोरल्याने अंगावर घ्यावं.