दुसऱ्याच्या दिव्यांखाली

डिसेंबरातली रात्र. अकराचा सुमार असेल. निजायची तयारी चालली होती तोच भाच्याचा फोन आला. तो नोकरीनिमित्त फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात राहतो. आमच्याकडे निजानीज झालेली, त्याच्याकडे नुकती संध्याकाळ सरलेली. त्याने फोन फिरवून समोरचे दृश्य दाखवले. एका मोठ्या चौकात उंचच उंच झाड, त्याच्यावर हजारो दिवे, भोवती लाकडी दुकानांच्या रांगा आणि थंडीने तोंडातून वाफा सोडत हिंडणारी माणसे. नाताळचा बाजार भरला होता. त्याची अम्मी, म्हणजे माझी बहीण, शेजारीच बसली होती. ती पाहून हरखली. मग भाच्याने जरा आवाज खाली आणून मला विचारले, "मामू, ये देखना जायज है क्या?"

त्याच्याबरोबर राहणाऱ्या एका दीनदार मित्राने त्याला सांगितले होते की, दुसऱ्यांच्या सणात रमणे म्हणजे त्यांच्यापैकीच एक होणे. भाचा काही फार विचार करणारा मुलगा नव्हे. पण त्या वाक्याने त्याचा आनंद नासला होता. मी तेवढ्यापुरते काहीतरी बोलून वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी तो आमच्या घरातच विचारला गेला होता.

आम्ही दारव्ह्याचे. अब्बांचा लाऊडस्पीकर आणि लायटिंगचा छोटा धंदा होता. लग्न, उरूस, जयंती, जे येईल ते काम. पण वर्षाची खरी कमाई व्हायची ती नवरात्रात, यवतमाळला. यवतमाळचा दुर्गोत्सव माहीत नाही असा माणूस विदर्भात विरळा. कोलकात्याच्या पाठोपाठ आमचाच नंबर, असे यवतमाळकर अभिमानाने सांगतात. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून बैलगाड्या भरभरून माणसे यायची. अब्बा एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली बल्बच्या माळा ओढायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ते मला एकदा सोबत घेऊन गेले. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनवरून आम्ही शकुंतलेत बसलो. कोळशाचे इंजिन, लाकडी बाके आणि डोळ्यांत जाणारी राख. ती छोटी गाडी आता बंद पडली आहे. पण यवतमाळ जवळ आले आणि अंधारात दूरवर दिव्यांचा लालपिवळा धूसर उजेड दिसला, तो माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेला नाही.

अब्बांनी मगरिबची नमाज एका ट्रकच्या आडोशाला चादर अंथरून अदा केली. मग उठून खटका दाबला. सगळा रस्ता उजळला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आरती सुरू झाली तेव्हा अब्बा मला घेऊन मांडवाबाहेर येऊन उभे राहिले. आरती संपल्यावर मंडळाच्या माणसाने प्रसादाचा नारळ दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, धन्यवाद दिले, आणि दारव्ह्याला परतल्यावर शेजारच्या काकूंच्या हाती सोपवला. काकूंनी तो देवीचा म्हणून कपाळाला लावला.

पुढे गावातल्या एका बुजुर्गांनी अब्बांना हटकले. मूर्तीपुढे दिवे लावून मिळवलेला पैसा घरात कसा चालतो, असा त्यांचा सवाल होता. अब्बा शिकलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "मी वायर जोडतो. सजदा कुठे करायचा ते मला ठाऊक आहे." त्याच पैशातून माझी शाळेची फी भरली गेली, मी शिक्षक झालो. तेव्हा या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणे मला अवघड आहे, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे.

तरीही जो पक्ष मनाई करतो, त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. आपल्याकडे अशा माणसाला लगेच 'कट्टर' म्हणून मोडीत काढण्याची सवय लागली आहे. ते बरोबर नाही. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक हदीस आहे. जो एखाद्या समूहाची नक्कल करतो तो त्यांच्यातलाच गणला जातो, असा तिचा आशय. भाच्याच्या मित्राने बहुधा तिचाच आधार घेतला असेल. याच सूत्रावर इब्न तैमिया यांनी एक संपूर्ण ग्रंथ रचला आणि परधर्मीयांच्या सणांत सहभागी होण्यास कडक विरोध केला. पण हे इब्न तैमिया कोण? १२६३ साली हर्रानमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच मंगोलांच्या भीतीने कुटुंबासह दमास्कसला पळावे लागलेला माणूस. बगदाद १२५८ मध्येच उद्ध्वस्त झाले होते. ज्या समाजाचे घर जळले आहे, तो आपल्या उरलेल्या भिंती जपतो. परदेशात एकट्या पडलेल्या तरुणाच्या मनातही थोडी तशीच भीती असते. आज दिवे पाहिले, उद्या ग्लास हाती घेतला, परवा नमाज सुटली. ही भीती खोटी नाही. त्या बाजारात कढवलेली वाईन विकली जाते आणि डुकराच्या मांसाचे पदार्थही असतात. भाच्याला सफरचंदाचा गरम रस मिळतो, तो तेवढाच घेतो. म्हणजे रेघ आहेच. प्रश्न आहे तो, ही रेघ कुठे ओढायची याचा.

माझ्या मते इथे तीन गोष्टींची गल्लत होते. एक अकीदा, म्हणजे आपण काय मानतो. दुसरी इबादत, म्हणजे आपण कुणापुढे झुकतो. आणि तिसरी रौनक, म्हणजे माणसे एकत्र येऊन जो आनंद मांडतात तो. पहिल्या दोन बाबतींत तडजोड नाही आणि ती कुणी मागूही नये. तिसरी मात्र डोळ्यांची आणि मनाची गोष्ट आहे. अब्बा आरतीच्या वेळी मांडवाबाहेर आले आणि दिव्यांच्या वेळी टाळ्या पडताना हसले. त्या अशिक्षित माणसाला ही रेघ कुणी शिकवली नव्हती.

आनंद पाहणे हेच मुळात गैर, असे आपल्या दीनने कधी म्हटले नाही. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाले-ढालींचे खेळ करत होते आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी हजरत आएशा यांना, त्यांचे मन भरेपर्यंत, तो खेळ पाहू दिला, ही हदीस सर्वपरिचित आहे. अर्थात ती आपलीच ईद होती. त्यामुळे तिच्यावरून नाताळचा निकाल लागत नाही. पण सीरतच्या ग्रंथांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकीकत येते. ते मदीनेला आले असताना त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि प्रेषितांनी त्यांना मशिदीतच प्रार्थना करू दिली. त्यांच्याशी श्रद्धेबाबतचा वाद मिटला नव्हता. वाद कायम होता आणि पाहुणचारही कायम होता. आमच्या काही भावांना या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत असे वाटते. मदीनेत त्या नांदल्या.

नाताळच्या बाबतीत तर आपण पूर्ण परकेही नाही. हजरत ईसा यांचा जन्म कुरआनात आहे. खजुराच्या झाडाखाली प्रसववेदना सोसणारी एकटी मरियम तिथे आहे. तिच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे आणि कुरआनात नावानिशी उल्लेख झालेली स्त्री ती एकटीच. मक्केतून छळ होऊन निघालेले पहिले मुसलमान हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे आश्रयाला गेले, तेव्हा हजरत जाफर यांनी त्याला याच सूरहचा भाग ऐकवला आणि तो रडला, असे सीरतकार सांगतात. ईसांना ईश्वराचा पुत्र मानणे आम्हाला मान्य नाही. पण त्यांच्या जन्माचा कुणी आनंद करत असेल तर तो पाहून आमचा ईमान डगमगावा, इतका तो हलका आहे काय?

आता दुसऱ्या बाजूनेही एक आक्षेप येऊ शकतो आणि तो मला जास्त टोचतो. श्रद्धा बाजूला ठेवून नुसती रोषणाई चाखणे, हा त्या श्रद्धावानाचा अपमान नाही का? स्ट्रासबर्गचा बाजार १५७० पासून भरतो. त्याच्या नावातच बाळ येशूचा उल्लेख आहे. १९९२ पासून ते शहर स्वतःला नाताळची राजधानी म्हणवते आणि जगभरचे पर्यटक तिथे लोटतात. त्यांतले किती जण चर्चमध्ये जातात? या आक्षेपाचे उत्तर शोधताना मला मुंबईची मिनारा मशीद आठवली. रमजानमध्ये तिथल्या गल्लीत मध्यरात्रीपर्यंत हिंदू, पारशी, ख्रिस्ती तरुण मालपुवा आणि कबाब खायला येतात. त्यांनी रोजा धरलेला नसतो. आपल्याला त्याचा राग येतो का? उलट आपण कौतुकाने सांगतो. आमच्या आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या उरुसाला हिंदू भाविक किती येतात ते मोजायची गरज नाही, डोळ्यांनी दिसते. मोहरमच्या सवाऱ्यांपुढे विदर्भातल्या कित्येक गावांत हिंदू घरांतून पाणी ओतले जाते. त्यांना आपण कलमा विचारत नाही. जे आपल्या दारी आपल्याला गोड वाटते, ते दुसऱ्याच्या दारी जाताना हराम कसे होते? आणि हाच प्रश्न उलटाही विचारला पाहिजे.

कारण आता दार बाहेरूनही लावले जात आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, नवरात्राच्या तोंडावर, विश्व हिंदू परिषदेने आयोजकांना सांगितले की गरब्यात फक्त हिंदूंना प्रवेश द्या, दारावर आधार कार्ड तपासा, टिळा लावा. मी ती बातमी वाचली आणि ट्रकच्या आडोशाला नमाज पढणारे अब्बा आठवले. त्यांना खटका दाबण्याआधी कुणी कार्ड मागितले नव्हते. आतला माणूस म्हणतो, तिकडे जाऊ नकोस, ते तुझे नाही. बाहेरचा म्हणतो, इकडे येऊ नकोस, हे तुझे नाही. दोघे एकमेकांचे शत्रू, पण वाक्य एकच.

याच वाक्याचे टोक स्ट्रासबर्गने पाहिले आहे. ११ डिसेंबर २०१८ रोजी तिथल्या नाताळच्या बाजारात त्याच शहरात जन्मलेल्या एका मुसलमान नावाच्या तरुणाने गोळ्या आणि सुरा चालवला. पाच माणसे गेली. त्यांतला एक अफगाणिस्तानातून येऊन तिथे स्थिरावलेला, गाड्या दुरुस्त करणारा मुसलमान होता. मनाई करणारा दीनदार आणि तो मारेकरी यांना मी एका पंक्तीत बसवत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. पहिला स्वतःला आवरतो, दुसरा दुसऱ्याचा जीव घेतो. पण मारेकऱ्याने ज्या गर्दीला 'ती त्यांची' म्हटले, तिच्यात आपलाही एक भाऊ होता, ही गोष्ट विसरता येत नाही. दिव्यांखालची गर्दी कधीच एका जातीची नसते.

मग पाहुण्याने वागावे कसे? हजरत उमर जेरुसलेमला गेले तेव्हाची एक कथा इतिहासात सांगतात. चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली. तिथल्या धर्मगुरूंनी आतच नमाज पढण्याची विनंती केली. हजरत उमर यांनी ती नाकारली आणि बाहेर पढली. आपण आत पढलो तर उद्या आपले लोक या जागेवर हक्क सांगतील, ही त्यांची चिंता होती. या कथेतला अदब मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या पवित्र जागेला तिचे वेगळेपण राखू देणे, हाही आदरच आहे. म्हणून कुणी आपल्या पूजेत, आपल्या गरब्यात आम्हाला नको म्हणत असेल तर तिथे घुसण्याचा हट्ट मी धरणार नाही. मन दुखेल, पण पाय तिकडे वळणार नाहीत. रस्ता मात्र सर्वांचा आहे. त्यावरच्या कमानीत मुसलमान कारागिराचा घाम आहे, नवरात्रातल्या बांगड्यांत मनियारांचे हात आहेत. त्या रस्त्यावरून नातीचा हात धरून जायला मला कुणाचा फतवा नको आणि कुणाचे कार्डही नको.

एक गोष्ट मात्र मला खरोखर सलते आणि तिचा धर्माशी फार संबंध नाही. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला दुर्गोत्सवापेक्षा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे अधिक ठाऊक आहे. भारनियमनाच्या वर्षांत शहरात कमानी झगमगत असताना खेड्यांत लेकरे कंदिलाशी अभ्यास करत होती, हे मी शिक्षक म्हणून पाहिले आहे. कुरआनने इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला, दोष दिला आहे. हा दोष दुसऱ्याच्या मांडवावर लावण्याआधी आपल्या लग्नांच्या शामियान्यावर आणि जुलूसच्या रोषणाईवर लावून पाहावा. दिवा कुणाचा, यावर आपण जेवढे भांडतो त्याच्या निम्मा वेळ तरी अंधार कुणाच्या घरी आहे, हे विचारण्यात घालवला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. आजोबांचा नारळ कसा काकूंच्या देवघरी गेला ती हकीकत सांगितली. म्हटले, "बाळा, जा, बघ. खाण्यापिण्याचे भान ठेव. शेजारच्या फ्रेंच म्हाताऱ्या बाईला सणाच्या शुभेच्छा दे. आणि मित्राशी भांडू नकोस, तो तुझ्या काळजीनेच बोलला." तो म्हणाला, शहरातल्या मोठ्या मशिदीत, २०१२ साली सुरू झालेल्या, तो जुम्म्याला जातो आणि येताना त्याच रस्त्याने बाजार पाहत येणार आहे. मित्रालाही विचारणार होता.

आठवड्याने त्याने एक फोटो पाठवला. दिव्यांच्या त्याच झाडाखाली तो उभा होता. हातात गरम रसाचा पेला. शेजारी मित्र उभा होता, जरा अवघडलेला, हात खिशात घातलेले. पण आला होता.