शिकाऊ हात

शिंपी शिकताना चुकला तर कापड जाते, सुतार चुकला तर लाकूड जाते. डॉक्टर शिकताना चुकला तर काय जाते? परिचारिकेचे काम करीत होते त्या काळात हा प्रश्न अनेकदा मनात येई, पण कामाच्या घाईत तो बाजूला राही. आता निवृत्तीनंतर सवड आहे, म्हणून तो वाचकांपुढे ठेवते.

फुप्फुसांचे विकार आणि अतिदक्षता या शाखेत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. साधा रोगी निदान म्हणू तरी शकतो, "डॉक्टर, मोठ्या साहेबांना बोलवा." श्वास अडकलेला, शुद्ध हरपलेला रोगी काहीच म्हणू शकत नाही. त्याच्या घशातून श्वासनलिकेत नळी घालायची असते आणि हातात मिनिटे थोडीच असतात. ती नळी घालणारा कधी तरी पहिल्यांदाच घालीत असतो. त्या रोग्याला कोणी विचारले होते काय?

उदाहरणादाखल सौदी अरबस्तान घेऊ, कारण तिथे हे सारे एका-दोन पिढ्यांच्या आत घडले. रियाधचे किंग फैसल स्पेशालिस्ट रुग्णालय १९७५ साली सुरू झाले, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर बव्हंशी परदेशांतून आणावे लागत. १९९२ साली तिथे आरोग्यातील विशेष शिक्षणासाठी सरकारी आयोग स्थापन झाला आणि देशातच तज्ज्ञ घडवण्याचे काम पद्धतशीर होऊ लागले. आधी वैद्यकीय पदवी, मग काही वर्षे सर्वसाधारण औषधशास्त्र, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे 'फेलो' म्हणून फुप्फुसरोग किंवा अतिदक्षता, अशी ती चढण आहे. हाजच्या दिवसांत देशोदेशीचे यात्रेकरू येतात, त्यांत म्हातारेकोतारे फार, आणि रुग्णालयात दाखल होण्याचे एक मोठे कारण म्हणजे न्यूमोनिया. डॉक्टरची आणि रोग्याची भाषा निराळी, नातेवाईक हजारो मैलांवर. शिकाऊ डॉक्टरला अशा खाटेपाशी उभे राहावे लागते.

कोणी म्हणेल, शिकाऊ हात रोग्याला लावूच देऊ नका, जाणत्यांनीच सारे करावे. ऐकायला हे चांगले वाटते. पण जाणते म्हातारे झाल्यावर पुढे कोण? दुसरा कोणी म्हणेल, मुलांना परदेशी पाठवा, तिथे शिकून येऊ द्या. सौदी सरकारने तेही केले. शेकडो तरुण डॉक्टर कॅनडाच्या रुग्णालयांत शिकत होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांचे बिनसले आणि सौदी विद्यार्थ्यांना परत येण्याचा हुकूम निघाला, तेव्हा चिंता पडली ती कॅनडाच्या रुग्णालयांना! हे शिकाऊ डॉक्टर गेले तर रात्रपाळ्या कोण करणार? पुढे दुसरी सोय लागेपर्यंत त्यांना राहू देण्यात आले. यातून दोन गोष्टी दिसतात. शिकणारा नुसता घेत नाही, तो देतोही. आणि शिक्षण परदेशी नेले म्हणून शिकण्याचे ऋण फिटत नाही. रियाधच्या रोग्याऐवजी ते टोरांटोच्या रोग्याच्या अंगावर पडते, एवढेच.

आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांचेच पाहा. विलायतेतून शिकून आल्यावर १९२८ ते १९४७ पर्यंत त्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण अभिमानाने त्यांचे नाव घेतो. पण त्यांचा हात तयार झाला तो मुंबईच्या आणि लंडनच्या अनाम स्त्रियांच्या खाटांपाशीच. त्या स्त्रियांचे नाव कोणीच घेत नाही.

अतिदक्षतेचा जन्मही शिकाऊ हातांतूनच झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांपैकी दहांतले आठ-नऊ दगावत. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून, नळीतून पिशवीने हवा भरण्याचा मार्ग काढला. पण ती पिशवी दाबणार कोण? सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस रोग्यांच्या उशाशी बसले आणि हाताने त्यांचा श्वास चालवला. मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले.

शिकणाऱ्याचाही जीव धोक्यात असतो, हे विसरू नये. २०१२ साली जेद्दामध्ये एका रोग्यात नवाच विषाणू सापडला, त्याला पुढे मेर्स हे नाव पडले. आजवर नोंदलेल्या रोग्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक दगावले. श्वासनलिकेत नळी घालण्याचा क्षण नळी घालणाऱ्यालाही सर्वांत घातक. २०१४ मध्ये जेद्दात काही डॉक्टरांनी राजीनामे दिल्याच्या बातम्या आल्या. २०१५ च्या उन्हाळ्यात रियाधच्या किंग अब्दुलअझीज मेडिकल सिटीत सव्वाशेच्या वर लोकांना लागण झाली, त्यांत सुमारे एक तृतीयांश तिथलेच कर्मचारी होते. तरी बाकीचे कामावर येत राहिले. त्या अनुभवातूनच सौदी डॉक्टरांनी मेर्सवरील औषधांची रीतसर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आजच्या रोग्याच्या खाटेपाशी मिळालेले ज्ञान उद्याच्या रोग्याच्या कामी येते, ते असे.

मग पुष्कळांचे हित होते म्हणून एकाच्या अंगावर शिकणे न्याय्य ठरते काय? माझ्या मते, नुसते तेवढ्याने नाही. रोगी म्हणजे पाटी नव्हे. माझ्या दृष्टीने तीन अटी हव्यात. पहिली, पहिला हात रबरी पुतळ्यावर बसावा. आता असे पुतळे मिळतात, तेव्हा सबब राहिलेली नाही. दुसरी, जाणता डॉक्टर फोनवर नव्हे, शेजारी उभा असावा, आणि शिकाऊ हात अडखळला की त्याने सूत्रे घ्यावीत. शिवाय ज्याला कोणी नाही अशा मजुराच्या अंगावर शिकायचे आणि शेठजीला मोठा डॉक्टर द्यायचा, हा भेद नसावा.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी बोलले जाते सर्वांत कमी. सौदी रुग्णालयांत रोग्याच्या उशाशी चोवीस तास असते ती परिचारिका पुष्कळदा फिलिपाइन्सची किंवा केरळची असते. करारावर आलेली, घरी पैसे पाठवणारी. रोग्याचे ओठ निळे पडत आहेत हे तिला आधी दिसते. तिने "डॉक्टर, आता थांबा, मोठ्यांना बोलवा" असे म्हटले, तर तिची नोकरी टिकेल का? आणि हा प्रश्न फक्त तिथला नाही. मुंबईत, लंडनमध्ये, आपण राहतो त्या देशातही तो विचारावा. सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला शिकाऊ हात थांबवण्याचा अधिकार असेल, तर ते शिक्षण. नसेल, तर तो मुक्या माणसावर केलेला प्रयोग.

डॉक्टर होऊ घातलेली मुले-मुली आता आपल्या घराघरांत आहेत. त्यांना पदवीबद्दल पेढे जरूर द्या. पण एक सांगून ठेवा: बाळा, ज्याने तुला शिकवले त्याचे नाव प्रमाणपत्रावर आहे, पण ज्याच्यावर तू शिकलास त्याचे नाही. ते ऋण पैशाने फिटत नाही. उद्या कोणी सिस्टर "थांबा" म्हणाली की हात थांबव, आणि तुझ्या हाताखाली कोणी शिकायला आले की त्याच्या शेजारी उभा राहा. फेड होते ती एवढीच.