देवावरचा विश्वास आणि माणसाची संमती: बिकिनीचा प्रश्न

बिकिनी हे प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी एक कंकणद्वीप आहे. 23 लहान बेटांचे कडे आणि त्याच्या आत सुमारे 600 चौरस किलोमीटरचे शांत पाणी, म्हणजे लगून, अशी त्याची रचना आहे. बेटांची जमीन मात्र सगळी मिळून नऊ चौरस किलोमीटरही भरत नाही. 1946 मध्ये इथे 167 माणसे राहत होती. नारळ, केवडा आणि लगूनमधली मासळी यांवर त्यांचा निर्वाह चाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी मिशनऱ्यांनी मार्शल बेटांवर ख्रिस्ती धर्म आणला होता आणि बिकिनीकरही श्रद्धावान प्रॉटेस्टंट होते. पुढे जे घडले ते या श्रद्धेला हात घालूनच घडले.

10 फेब्रुवारी 1946 च्या रविवारी चर्चमधली उपासना आटोपल्यावर मार्शल बेटांचे अमेरिकी लष्करी गव्हर्नर कमोडोर बेन वायट यांनी लोकांना एकत्र बसवले. मानवजातीच्या भल्यासाठी आणि जगातली युद्धे कायमची संपवण्यासाठी तुम्ही काही काळ बेट सोडाल का, असे त्यांनी विचारले. देवाने शत्रूपासून सोडवून वचनदत्त भूमीकडे नेलेल्या इस्राएली लोकांशी त्यांनी बिकिनीकरांची तुलना केली. लोकांनी आपसात विचार केला आणि त्यांचे प्रमुख जुडा यांनी उत्तर दिले: सर्व काही देवाच्या हाती आहे, या विश्वासाने आम्ही जाऊ. पुढे हाच प्रसंग चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा वठवून घेण्यात आला. निघण्यापूर्वी लोकांनी पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहिली. मार्चमध्ये त्यांना जहाजात बसवून रोंगेरिक या बेटावर नेण्यात आले.

जुडा यांच्या उत्तराला संमती म्हणता येईल का, हा या इतिहासातला मूळ नैतिक प्रश्न आहे. संमतीला दोन गोष्टी लागतात: नकार देण्याची मोकळीक आणि कशाला होकार देत आहोत याची जाण. बिकिनीकरांकडे दोन्ही नव्हत्या. अमेरिकेला इथे अणुबाँबच्या चाचण्या करायच्या होत्या. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना मंजुरी जानेवारीतच दिली होती आणि जागाही ठरली होती. महायुद्ध नुकतेच जिंकलेल्या आरमाराचा अधिकारी समोर उभा असताना त्याने विचारलेला प्रश्न हा प्रश्न उरतच नाही. त्यात चाचण्यांचा जाहीर उद्देश वेगळाच होता. अणुबाँबचा युद्धनौकांवर काय परिणाम होतो ते पाहायचे होते, युद्धे संपवायची नव्हती. बळाने घेतलेले दान दानच नव्हे, असे मनुस्मृतीही स्पष्ट सांगते, आणि जगातल्या बहुतेक न्यायपरंपरांना हे मान्य आहे.

बायबलचा दाखला तर उलटाच होता. इस्राएली लोक गुलामीतून सुटून आपल्या भूमीकडे निघाले होते. इथे माणसांना त्यांच्याच भूमीतून बाहेर काढले जात होते. त्यांना सोडवणाऱ्या मोशेच्या जागी इथे जो उभा होता तो त्यांना गुलाम करणाऱ्या फारोचा अधिकारी होता. जुडा यांचे शब्द देवाला उद्देशून होते. आपल्या हाती काही उरत नाही तेव्हा माणूस देवाकडे पाहतो, तसे ते शरण जाणे होते. ते शब्द राज्यसत्तेने आपल्या खात्यावर जमा करून घेतले. भक्ताची शरणागती ही सत्तेला दिलेली परवानगी मानणे, हा धर्माचा सर्वांत वाईट उपयोग आहे.

थोड्यांचे नुकसान सोसून अनेकांचे भले करावे, हा युक्तिवाद इथे नेहमी पुढे येतो. स्वतःच्या सुखावर पाणी सोडणाऱ्याला त्यागी म्हणतात. दुसऱ्याचे घर देऊन टाकणाऱ्याला तो शब्द लागू पडत नाही. शिवाय बिकिनीकरांचे नुकसान थोडे नव्हते. रोंगेरिकवर अन्न अपुरे होते आणि तिथले काही मासे विषारी निघाले. 1948 च्या सुरुवातीला मानववंशशास्त्रज्ञ लेनर्ड मेसन तिथे पोचले तेव्हा लोक उपासमारीने खंगले होते. मग क्वाजालीनच्या धावपट्टीशेजारी तंबूंत काही महिने काढून ते किली बेटावर गेले. किली जेमतेम एक चौरस किलोमीटरचे असून त्याला लगून नाही. खवळलेल्या समुद्रामुळे वर्षातला बराच काळ होडी किनाऱ्याला लावता येत नाही. होड्या चालवण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेल्या माणसांची ती विद्याच निरुपयोगी झाली.

1946 ते 1958 या काळात बिकिनीवर 23 अण्वस्त्र चाचण्या झाल्या. 1 मार्च 1954 चा ‘ब्राव्हो’ हा स्फोट 15 मेगाटनचा, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होता. त्याची किरणोत्सारी राख रोंगेलॅप या दुसऱ्या कंकणद्वीपाच्या रहिवाशांवर आणि ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील 23 जणांवर पडली. त्यांतले आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले. 2 एप्रिल 1954 रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले ते याच स्फोटानंतर. पुढे बेट सुरक्षित आहे असे सांगून काही कुटुंबांना परत नेण्यात आले, पण त्यांच्या शरीरात सीझियम-137 साचत असल्याचे आढळल्यावर 1978 मध्ये त्यांना पुन्हा हलवावे लागले. नारळाचे झाड जमिनीतून पोटॅशियमबरोबर सीझियमही शोषून घेते. त्यामुळे लोकांचे रोजचे अन्नच घातक ठरले.

इतके सोसूनही बिकिनीकरांनी जुडा यांचे वाक्य टाकून दिले नाही. त्यांचा झेंडा अमेरिकेच्या झेंड्यासारखा आहे. त्यावर 23 बेटांचे 23 पांढरे तारे आहेत, ब्राव्होने नष्ट केलेल्या तीन बेटांचे तीन काळे तारे आहेत, आणि लोक आज जिथे राहतात त्या किली व एजित या दोन बेटांचे आणखी दोन काळे तारे आहेत. खाली मार्शली भाषेत ते वाक्य आहे. देवावरचा विश्वास आणि अमेरिकेने दिलेल्या वचनाची आठवण, दोन्ही एकाच कापडावर. श्रद्धा म्हणजे निमूट सोसणे, असे मानणाऱ्यांनी हा झेंडा पाहावा.

1996 पासून बिकिनीकरांच्या स्थानिक परिषदेने पाणबुड्या पर्यटकांना बिकिनीवर येऊ दिले. 1946 च्या चाचण्यांत बुडालेली ‘साराटोगा’ ही अमेरिकी विमानवाहू नौका आणि जपानी ॲडमिरल यामामोतोंची ‘नागातो’ ही युद्धनौका पाण्याखाली पाहायला लोक दुरून येतात. थोडे दिवस राहण्यात धोका नाही, पण स्थानिक अन्नावर कायम राहू नये, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा 1998 चा निष्कर्ष आहे. म्हणजे पाहुण्याला हे बेट खुले आहे आणि मालकाला बंद. अशा जागी जाणे गैर नाही. मात्र बुडालेल्या नौका हे प्रेक्षणीय स्थळ आणि ओस पडलेले गाव ही फक्त पार्श्वभूमी, असे मानून जाणे गैर आहे. जाणाऱ्याने मालकांची परवानगी घ्यावी, त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांपाशी आधी जावे आणि मगच पाण्यात उतरावे.

2001 मध्ये मार्शल बेटांवरील अणुदावे न्यायाधिकरणाने बिकिनीकरांना 56 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. तिचा फार थोडा भाग हाती आला. 2010 मध्ये युनेस्कोने बिकिनीला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बिकिनीकरांचा भरपाईचा दावा ऐकण्यास नकार दिला.