जीर्ण देव्हाऱ्याचे वय

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांतून फणसाचे वा सागाचे जे देव्हारे अद्यापि पूजेत आहेत, त्यांपैकी एखादा वाळवीने पोखरला म्हणजे सुताराला बोलावणे जाते, आणि त्याबरोबरच देव्हाऱ्याचे वय किती, हा प्रश्न हटकून निघतो. सुतारकीपुरते उत्तर फारसे कठीण नाही. हाताने घडवलेले चौकोनी खिळे, हातकरवतीच्या कमीजास्त अंतराच्या सरळ रेघा (यांत्रिक गोल करवतीचे ओरखडे वक्र असतात), मूळचा पिवळेपणा जाऊन तपकिरी झालेला फणस, इतक्या साक्षी जुळल्या की काळाचा अदमास बांधता येतो. परंतु पाठीची फळी पणजोबांनी बदललेली, खांब आजोबांनी नवे बसवलेले आणि कळस गतसालचा, असे निष्पन्न झाले, तर वय मोजावयाचे ते कोणाचे?

या प्रश्नाला रत्नागिरीत एक विलक्षण शेजार लाभला आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ साली मृत्यू येईपर्यंत इंग्रज सरकारच्या नजरकैदेत येथे राहिला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात ब्रह्मी सागच वापरला आहे. त्याचा पिता मिंडोन याने मंडालेस ७२९ संगमरवरी शिलांवर त्रिपिटक कोरविले, आणि ब्रह्मी परंपरा ज्या ‘मिलिंदपञ्हा’ला त्रिपिटकात स्थान देते, त्यात भिक्षू नागसेन मिलिंद राजाच्या रथाचे चाक, आस, जू एकेक वेगळे काढून विचारतो की यांत रथ कोणता, आणि अखेर ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव ठरते. नैयायिकांना हे अमान्य. अवयवांहून भिन्न असा अवयवी खरोखर असतो, असे ते म्हणतात. मात्र एक अवयव गळाला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो, हेही त्यांचेच मत. म्हणजे बौद्धाच्या लेखी आमचा देव्हारा नाममात्र, आणि त्याच्या कट्टर प्रतिवाद्याच्या हिशेबी तो गतसाली जन्मलेला!

उपासकाने या दोघांना कधीच दाद दिली नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या कडुनिंबाच्या मूर्ती नवकलेवराच्या वेळी, अलीकडे २०१५ साली, समूळ बदलल्या गेल्या; जुन्या मूर्तींतील ‘ब्रह्मपदार्थ’ नव्यांत ठेवून जुन्या भूमीत पुरल्या, आणि देव मात्र तोच राहिला. माझ्या मते देव्हाऱ्याचे तेच-ते-पणही लाकडात नसून अखंड चाललेल्या पूजेत आहे. दुरुस्तीपुरते देव पाटावर बसवतात तेव्हा नैवेद्य पाटापुढे जातो, आणि सुताराकडे राहते ती निव्वळ पेटी.

हा युक्तिवाद लबाडाच्याही सोयीचा आहे, म्हणून त्याला लगाम हवा. पूजा अखंड असली तरी फळीची जन्मतारीख बदलत नाही. नवा भाग जुन्याशी सुसंगत असावा, पण वेगळा ओळखू यावा, हा ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा दंडक मला देवघरातही ग्राह्य वाटतो. वाळवीने खाल्लेले लाकूड निःसंशय काढावे. समईच्या काजळीचा थर मात्र पॉलिशच्या हौसेने खरवडू नये, कारण पूजेचे एवढे एकच दफ्तर त्या घरात शिल्लक असते. नवी फळी रंगवून जुनी भासवण्यापेक्षा तिच्या पाठीवर साल कोरून ठेवावे. मग सरळ नवाच देव्हारा का घेऊ नये, असे कोणी विचारील. खुशाल घ्यावा, फक्त जुन्या बाजारातून परक्याचा देव्हारा आणून तो वाडवडिलांचा म्हणून पाहुण्यांना दाखवू नये.