लेकुरवाळे घर आणि आनंदाचा प्रश्न

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या संगतीत घराला रोज जो आनंद मिळतो, त्याला धर्मविचारात जागा कोणती, हा जुना प्रश्न आहे. निवृत्तिपर ग्रंथांनी अपत्यप्रेमाला संसाराच्या बेड्यांतली सर्वांत बळकट बेडी मानले. त्याच ग्रंथांनी बालकाला गुरूही केले, आणि भक्तिमार्गाने तर देवालाच रांगायला लावले. म्हणजे मूल हे बंधन आणि मूल हाच मोकळेपणाचा नमुना. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, याचा उलगडा करायचा तर ग्रंथांबरोबर लहान मूल असलेले एखादे घरही पाहावे लागते.

असे घर खडकवासल्यातले घेता येईल. मुठेवरचे धरण १८७०च्या दशकातले. वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. गाव २०२१ पासून पुणे महापालिकेत. सुट्टीच्या दिवशी चौपाटीवर कणसे आणि कांदाभजी खायला, पुढे सिंहगडावर जायला अर्धे पुणे या रस्त्याला लागते. घरातल्या बाळाला यातले काहीच लागत नाही. त्याला न्हाणीत एक तांब्या आणि एक फुलपात्र पुरते. फुलपात्रातले पाणी तांब्यात ओतायचे, निम्मे फरशीवर सांडते. सांडलेल्या पाण्यावर तळवा आपटला की पाणी उडते. तळवा उचलून कोरड्या फरशीवर टेकवला की हाताचा ओला ठसा उमटतो आणि बघता बघता वाळून जातो. ठसा गेला कुठे हे पाहायला बाळ वाकते, फरशीला नाक लावते, मग पुन्हा हात भिजवते. पुढच्या खेपेला पाणी उंचावरून ओतते, त्याच्या पुढच्या खेपेला फुलपात्र पालथे घालते.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांना बारकाईने न्याहाळून १९३६ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या वागण्याचे वर्णन आहे. वर्षाच्या सुमारास मूल केवळ तीच कृती पुन्हा करत नाही. प्रत्येक वेळी ती थोडी बदलून परिणाम काय होतो ते पाहते. खडकवासल्यात हे वाचताना तिथल्याच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची आठवण अटळ आहे. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या लहान प्रमाणातल्या प्रतिकृती उभारते, त्यांत पाणी सोडते, काय घडते ते मोजते, रचना बदलते आणि पुन्हा पाणी सोडते. पाणी कसे वागेल हे पाण्यालाच विचारायचे, ही रीत न्हाणीतल्या बाळाची आणि तिथल्या संशोधकांची एकच आहे.

इथपर्यंतचा आनंद बाळाचा एकट्याचा. घराचा आनंद त्याच्या पुढे सुरू होतो. गॅलरीच्या गजावर कावळा बसतो. बाळ बोट दाखवते, 'काऊ' म्हणते आणि लगेच मान वळवून आजीच्या तोंडाकडे पाहते. तोवर कावळा उडालेला असतो, पण बोट तसेच उभे राहते. 'गेला काऊ, भुर्र गेला,' असे आजी म्हणाली की बोट खाली येते. बाळाला कावळा हवा होता असे नव्हे. आपण पाहिलेले आणखी कुणी पाहिले, एवढे त्याला हवे होते. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हा भेद मांडला: मूल वस्तू मागण्यासाठी बोट दाखवते, तसेच मोठ्यांचे लक्ष त्या वस्तूकडे नेण्यासाठीही दाखवते. या दुसऱ्या बोटातून घराचा आनंद येतो. त्याला तिघे लागतात: वस्तू, बाळ आणि बाळाबरोबर पाहणारे कुणीतरी. आजीने त्या गजावर हजारो कावळे पाहिलेले असतात. बाळाबरोबर ती पुन्हा एक कावळा पाहते.

बालकासारखे व्हावे, हा विचार उपनिषदांइतका जुना आहे. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात कहोल कौषीतकेयाच्या प्रश्नाला उत्तर देताना याज्ञवल्क्य सांगतो, की पांडित्य पुरे झाल्यावर ज्ञात्याने बाल्याने राहावे. हे बाल्य नेमके कोणते, यावर पुढे विचार झाला. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एक सूत्र याच मुद्द्यावर आहे, आणि त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी शंकाकाराला मोकळेपणाने बोलू दिले आहे. बालकासारखे राहायचे म्हणजे वाटेल तसे वागायचे, वाटेल ते खायचे, कुठेही मलमूत्र करायचे काय? लहान मुलाचे सारे करणाऱ्याला ही शंका अगदी रास्त वाटेल. भाष्याचे उत्तर असे की ते सारे सोडायचे. ज्ञानाला जे उपकारक तेवढेच घ्यायचे. आपले ज्ञान मिरवायचे नाही, दंभ आणि दर्प धरायचा नाही, मन निर्मळ ठेवायचे.

ही निवड मार्मिक आहे, पण तीत बालकाचे कुतूहल आलेले नाही. ज्याला जाणायचे ते जाणून झाले, त्याला कुतूहल कशाला, असा त्यामागचा विचार असणार. प्रत्यक्ष बालकात मात्र निर्दंभपणा आणि कुतूहल एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. 'हे काय?' हा प्रश्न मूल एका सकाळी पन्नास वेळा विचारू शकते, ते आपण अडाणी दिसू ही भीती त्याला नसते म्हणून. मोठ्या माणसाचे विचारणे बहुधा याच भीतीने थांबते. बाल्याचा जो गुण भाष्याने उचलला, तो घरात रोज या प्रश्नाच्या रूपानेच भेटतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपले चोवीस गुरू सांगतो. बालक त्यांतले एक. त्याला मान-अपमान नाही आणि घरादाराची चिंता नाही. निश्चिंत दोघेच, असे अवधूत म्हणतो: अजाण बालक आणि गुणांच्या पलीकडे गेलेला. या स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. एकनाथ स्वतः पैठणचे गृहस्थ, मुलाबाळांचे. आळंदीची परंपराही घराकडे परतणाऱ्या वाटेवरचीच आहे: विठ्ठलपंतांनी काशीत संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते घरी परतले, आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडे त्यानंतरची. ज्ञातीने त्या कुटुंबाला वाळीत टाकले. मराठी भक्तिपरंपरेने मात्र त्याच मुलांना मस्तकी धरले.

अवधूताच्या यादीत एक अडचण आहे. बालकाची निश्चिंती ही बालकाची स्वतःची कमाई नसते. बाळ न्हाणीत रमलेले असते, कारण भरलेली बादली कुणीतरी आधीच रिकामी करून ठेवलेली असते. विळी वर ठेवलेली असते, मिरच्यांचे ताट उचललेले असते, गॅलरीच्या गजांतले अंतर हाताने मोजून झालेले असते. खडकवासल्यासारख्या गावात तर पाण्याशी खेळणे आणि पाण्याची धास्ती दोन्ही शेजारी राहतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवसाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. बाळाला निश्चिंत राहता यावे म्हणून दुसऱ्या कुणाला चिंता वाहावी लागते.

हा चिंता वाहणारा अवधूताच्या यादीत आहे, पण कपोताच्या रूपाने आणि इशारा म्हणून. कपोत-कपोती पिल्लांना जीव लावतात, त्यांच्या बोबड्या किलबिलीत रमतात. पारधी पिल्लांना जाळ्यात धरतो, तेव्हा आई धावते आणि अडकते; मागोमाग बापही स्वतःहून जाळ्यात पडतो. मूल गुरू, पण मुलाला वाढवणारे मोहाचे उदाहरण. बालकाला पाहणारा अवधूत बेघर होता, बाळाच्या मागे उभे असलेले माणूस त्याच्या नजरेत भरले नाही, असे म्हणावेसे वाटते. आसक्तीचा धोका खोटा नाही. मूल माझे, ते माझ्यासारखे व्हावे, माझ्या नजरेसमोर राहावे, अशी पकड बसली की बोट दाखवणाऱ्या बाळाबरोबर पाहणे संपते आणि बाळावर पाळत सुरू होते. पण ती पकड आणि रोजचे संगोपन एक नव्हे.

हा भेद भागवतानेच दहाव्या स्कंधात दाखवला आहे. कृष्णाने माती खाल्ली अशी तक्रार येते, यशोदा तोंड उघडायला लावते आणि त्या तोंडात तिला सारे विश्व दिसते. ती गोंधळते, घटकाभर तिला तत्त्वज्ञानही सुचते. मग विष्णूच्या मायेने ते दर्शन ती विसरते आणि बाळाला मांडीवर घेते. ज्या दर्शनासाठी योगी जन्म वेचतात, ते विसरून ती पुन्हा आई होते, आणि या विसरण्याला ग्रंथ कमीपणा मानत नाही. पुढच्याच अध्यायात ती कृष्णाला उखळाला बांधू पाहते. दोरी दर वेळी दोन बोटे कमी पडते. आई घामाघूम झाली, दमली, हे पाहून कृष्ण बांधून घेतो. ब्रह्मदेवाला, शंकराला आणि लक्ष्मीलाही जो प्रसाद मिळाला नाही तो या गवळणीला मिळाला, असे भागवत तिथे म्हणते. तिच्या खात्यावर तप नाही, यज्ञ नाही. मुलामागे धावून आलेला घाम आहे.

मराठी परंपरेत हा प्रश्न सर्वांत कठोरपणे उभा राहतो तो तेरच्या गोरोबाकाकांच्या कथेत. गोरा कुंभार माती तुडवत होते. रांगते मूल जवळ होते. नामस्मरणात देहभान हरपले आणि मूल पायांखाली तुडवले गेले. कथेच्या शेवटी विठ्ठलकृपेने मूल परत मिळते, पण त्या आधीचा आईचा, म्हणजे गोरोबांची पत्नी संती हिचा, आक्रोश कथेने झाकलेला नाही. देवाकडे लागलेले ध्यान मुलाकडचे लक्ष काढून घेते काय, हा प्रश्न तिथे उघडा पडतो. कीर्तनांतून ही कथा गोरोबांच्या तल्लीनतेचा महिमा म्हणून सांगितली जाते. संतीचे काय झाले, हेही तितक्याच आवाजात सांगितले गेले पाहिजे.

याच गोरोबांना जनाबाईंनी कुठे बसवले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल लेकुरवाळा आहे: निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात हातात, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे, नामदेव करंगळीला, बंका कडेवर. आणि गोरा कुंभार मांडीवर. ज्याच्या पायाखाली मूल आले, तोच इथे मूल होऊन मांडीवर आहे. या चित्रातला देव ध्यानस्थ नाही; त्याचे दोन्ही हात अडकलेले आहेत आणि खांदाही मोकळा नाही. जनाबाई गंगाखेडच्या, दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राबलेल्या. नामदेवांना त्यांनी लहानपणी सांभाळले असे परंपरा सांगते. दळण-कांडणात आणि दुसऱ्यांची मुले सांभाळण्यात ज्यांचा दिवस गेला, त्यांना देव असा दिसला. कपोताच्या इशाऱ्याला मराठीत मिळालेले हे उत्तर आहे: देवही अडकलेला आहे, आणि अडकून तो कमी देव झालेला नाही.

घरगुती आचार याच वाटेने जातो. अनेक मराठी देवघरांत हाताच्या बोटाएवढा पितळी बाळकृष्ण असतो, एक गुडघा टेकलेला, उजव्या हातात लोण्याचा गोळा. घरातल्या बाळाला देवघरातले हेच दैवत पहिले ओळखीचे वाटते, कारण ते त्याच्यासारखेच रांगते. पूजेच्या वेळी बाळ ताम्हणातून ते उचलते आणि बहुतेक वेळा तोंडात घालते. आजी ते हळूच काढून घेते, पुसते आणि पुन्हा ताम्हणात ठेवते. विटाळाचा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही. उष्टावण, जावळ, संक्रांतीनंतरचे बोरन्हाण यांतही असेच आहे. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओततात आणि जमलेली पोरे ते वेचायला तुटून पडतात. उत्सवमूर्ती मात्र गळ्यातला हलवा चाटण्यात गुंग असते. या विधींत मोक्षाची भाषा कुठेच नाही. बाळ सुखरूप राहो आणि चार घरांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहावे, एवढेच मागणे असते.

हा आनंद ज्याच्या अंगात पाहण्याचे त्राण उरले आहे त्यालाच घेता येतो. रात्रीची झोप, दिवसाचे जेवण आणि धुण्याचा ढीग एकाच बाईच्या माथी असेल, तर बाळाने दाखवलेला कावळा तिला दिसत नाही. दिसते ती राहिलेली कामे. संगोपनाला उपासना म्हणायचे आणि ती एकटीवर सोपवायची, हा धर्मविचार नव्हे. ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू केले आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने ते खेड्यांत, आदिवासी पाड्यांत नेले. त्यामागची जाण अशी होती की मुलाच्या हातांना मोकळीक हवी असेल तर भोवतालची जागा आणि माणसे मोठ्यांनी तयार केली पाहिजेत. घरातही बाप, आजोबा, मामा, शेजारी जेवढे हात देतात, तेवढी पाहायची फुरसत वाढते.

कपोताच्या कथेत न येणारी एक गोष्ट शेवटी राहते: मूल पारध्याविनाही जाते. ते मोठे होते. कृष्ण मथुरेला गेला आणि गोकुळात राहायला परतला नाही. भागवतात त्यानंतर नंद-यशोदेची त्याची भेट येते ती कुरुक्षेत्री, सूर्यग्रहणाच्या पर्वणीला. तोवर तो द्वारकेचा अधिपती आणि मुलाबाळांचा धनी झालेला असतो. तरी दोघे राम-कृष्णांना मांडीवर घेतात, कवटाळतात, आणि त्यांचा शोक जातो. मुलांना गोकुळात परत नेण्याचा हट्ट यशोदा धरत नाही. पर्वणी आटोपल्यावर नंदादी गोप मथुरामंडळाकडे परततात आणि यादव द्वारकेला.