पेरणी आपली, निवाडा त्याचा

'पेरावे तसे उगवते' ही म्हण मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. आपल्या घरांतूनही 'जैसी करनी वैसी भरनी' हे शब्द दादी-नानीच्या तोंडून कानावर पडलेलेच असतात. बाभूळ लावून आंब्याची वाट पाहू नये, एवढे शहाणपण शेत नसलेल्यालाही असते. मग ज्या तत्त्वावर सर्वांचे एकमत आहे, त्यावर पुन्हा लिहायचे कशाला? कारण असे की, हे तत्त्व आपण सगळेच मानतो, पण ते कोणाला लावायचे याचा विचार फारसे कोणी करत नाही. स्वतःचा चेहरा पाहण्यासाठी दिलेला आरसा आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडासमोर धरतो.

हा विचार ज्या ग्रंथात पुन:पुन्हा आणि निरनिराळ्या अंगांनी आला आहे, तो म्हणजे बायबल. तौरात, जबूर आणि इंजील यांच्यावर ईमान हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. मूळ अवतीर्ण ग्रंथ आणि आज हाती असलेले बायबल यांत आपण फरक मानतो, ही गोष्ट वेगळी. परंतु कोणी कोणाचे ओझे उचलणार नाही आणि माणसाच्या पदरी त्याच्या प्रयत्नांचेच फळ पडेल, हे सूरह नज्ममध्ये सांगताना कुरआन स्वतः हजरत मूसा आणि हजरत इब्राहीम (अ. स.) यांच्या सहीफ्यांचा हवाला देतो. म्हणजे हे बियाणे फार जुने आहे. ते जुन्या शेतात कसे रुजले होते, हे पाहायला हरकत नसावी.

बायबलची भूमी पावसावर जगणारी. तिथे पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसावर होते आणि जव-गहू उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणीला येतात. मधले पाच-सहा महिने नुसती वाट पाहण्याचे. १२६व्या स्तोत्रात रडत रडत पेरणीला निघालेल्या आणि हसत पेंढ्या घेऊन परतणाऱ्या माणसाचे चित्र आहे. पेरताना रडू का येते, हे टंचाई पाहिलेल्या शेतकऱ्याला विचारावे. घरात पोरे उपाशी असताना मूठभर दाणे मातीत टाकायचे, हे सोपे नसते. पेरणी म्हणजे आज हातातले सोडणे. कापणी मिळेलच याची पावती कोणी देत नाही.

माणूस जे पेरतो तेच कापतो, हे वाक्य ज्याच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाले, तो पौल. पहिल्या शतकाच्या मध्याला त्याने गलतिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, ख्रिस्ती मंडळ्यांना पत्र लिहिले. त्याच्या सहाव्या अध्यायात हा विचार येतो. आपल्या दृष्टीने पौल पैगंबर नव्हे. तरीही त्याने हे कुठे म्हटले ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या आधी तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, जो शिकवतो त्याला आपल्या चांगल्या वस्तूंत वाटा द्या असे सांगतो (आम्हा शिक्षकांना हे वाचून बरे वाटते!), आणि त्यानंतर सांगतो की भले करताना थकू नका, योग्य वेळी पीक येईल. म्हणजे मागे मदत, पुढे चिकाटी आणि मधे पेरणीचा नियम. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातही हात आखडून पेरणारा थोडेच कापतो असा विचार येतो, आणि तो येतो जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना. सूरह बकरामध्ये अल्लाहच्या मार्गात खर्च करणाऱ्याला एका दाण्यातून सात कणसे आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे, ही उपमा दिली आहे. तिथेही विषय दानाचाच आहे. दोन्हीकडे बोलणे ऐकणाऱ्याच्या मुठीशी चालले आहे. शेजाऱ्याच्या कणगीशी नव्हे.

याच तत्त्वाचा कठोर उच्चार होशेय या नबीने केला. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यात मूर्तिपूजा, राजगादीसाठी कारस्थाने आणि परक्या सत्तांची आर्जवे चालली होती. हे लोक वारा पेरत आहेत, वावटळ कापतील, असा त्याचा इशारा होता. इसवी सनापूर्वी ७२२च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी ते राज्य बुडवले. पण लक्षात घ्या, होशेय बोलला तो आपल्याच लोकांना, आणि त्यांच्यातल्या राजांना व याजकांनाही तोंडावर. शिवाय त्यानेच पुढे पडीक जमीन नांगरा आणि नीतीची पेरणी करा असे आवाहन केले. वेळ अजून हातात आहे, हे सांगण्यासाठी तो बोलत होता. दुसऱ्याचे शेत जळाल्यावर बांधावर उभे राहून टाळ्या वाजवण्यासाठी नव्हे.

आता याच बायबलातील दुसरा प्रसंग पाहू. त्यातील सत्पुरुष आपल्या ओळखीचे आहेत, हजरत अय्यूब (अ. स.). मराठी बायबलात त्यांना ईयोब म्हणतात. त्यांच्या सबरची आठवण कुरआन थोडक्यात देतो. बायबलात त्यांच्या नावाचा ४२ अध्यायांचा ग्रंथ आहे. संपत्ती गेली, मुले गेली, अंगभर फोड आले. तेव्हा भेटीला तीन मित्र आले. सात दिवस ते गप्प बसून राहिले, आणि तेवढेच त्यांचे चांगले वागणे. मग त्यांतला अलीफज बोलू लागला. आपण पाहिले आहे की अधर्म नांगरणारे आणि दुःख पेरणारे तेच कापतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय. शब्द जवळजवळ तेच, जे आपण होशेयच्या तोंडी पाहिले. पण ग्रंथाच्या शेवटी अल्लाहचा कोप या मित्रांवर होतो. त्यांना कुर्बानी द्यावी लागते, आणि ज्याला त्यांनी दोषी ठरवले त्याच अय्यूबांनी त्यांच्यासाठी दुआ करायची असते.

वाचकहो, इथे थांबून विचार केला पाहिजे. होशेय बरोबर आणि अलीफज चूक, असे का? तर दोघांच्या बोलण्याची दिशा वेगळी आहे. होशेय बियाण्याकडे पाहून पिकाबद्दल बोलतो. अलीफज पिकाकडे पाहून बियाण्याबद्दल बोलतो. गणित शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की, प्रत्येक चौरस आयत असतो, पण प्रत्येक आयत चौरस नसतो. विधान उलटे केले की ते खरेच राहील असे नाही. ज्याने पेरले नाही त्याचे शेत रिकामे राहील, हे खरे. पण ज्याचे शेत रिकामे आहे त्याने पेरलेच नाही, हे खरे नाही. पावसाने दगा दिला असेल, टोळधाड आली असेल, कोणी रातोरात उभे पीक कापून नेले असेल. सूरह वाकिआमध्ये माणसाला विचारले आहे की, तुम्ही पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही? या एका प्रश्नात अलीफजला पुरेसे उत्तर आहे.

इंजीलमध्ये हाच मुद्दा येतो. जन्मांध माणसाला पाहून हजरत ईसा (अ. स.) यांना शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे उत्तर मिळते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असा प्रश्न ते स्वतःच विचारतात, नाही म्हणतात आणि लगेच ऐकणाऱ्यांना तुम्ही स्वतः तौबा करा असे बजावतात. म्हणजे बोट पुन्हा आपल्याकडेच वळते.

हा मोह थोरांनाही चुकलेला नाही. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. अस्पृश्यता हे पाप होते यात शंका नव्हती, आणि त्या पापाविरुद्ध ते स्वतः देशभर फिरत होते. तरीही रवींद्रनाथ टागोरांनी जाहीरपणे हरकत घेतली. निसर्गातील घटनेला अशा नैतिक शिक्षेचा अर्थ लावणे त्यांना मान्य नव्हते. भूकंपात मेलेल्यांत तर ज्यांच्यावर अन्याय झाला तेही असणार. मग ही कोणाची पेरणी आणि कोणाची कापणी?

आपल्या रोजच्या जगण्यात अलीफज पावलोपावली भेटतो. दंगलीत कोणाचे दुकान जळते, तेव्हा शंभर कोसांवर चहा पीत बसलेला कोणी म्हणतो, 'पेरले ते उगवले.' ज्याचे दुकान गेले त्याने आयुष्यभर उधारीवर कापड विकण्यापलीकडे काही पेरलेले नसते. हे आपल्याविषयी बोलले जाते तेव्हा झोंबते. पण मोहल्ल्यातील तलाक झालेल्या मुलीविषयी, ज्याच्या घरी मतिमंद मूल जन्मले त्याच्याविषयी आपण काय बोलतो? शिक्षकांच्या खोलीत नापास मुलाविषयी काय बोलले जाते? 'अभ्यास केला नाही, भोगतोय.' तो मुलगा रात्री यंत्रमागावर उभा राहतो, हे हजेरीपटात लिहिलेले नसते.

यावर कोणी म्हणेल, मग दोषी मोकळाच सुटायचा काय? तसे नाही. बुरूज कोसळला तर मेलेल्यांची पापे मोजू नयेत, पण बांधणाऱ्याचा चुना तपासावा. पहिल्या गोष्टीत आपण अल्लाहच्या आसनावर बसतो, दुसरीत माणसाचे कर्तव्य करतो. पुराव्याने गुन्हा सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. दुःख पाहून गुन्हा गृहीत धरणे मात्र कोणाचेच काम नाही. गव्हात वाढलेले तण उपटू नका, कापणीपर्यंत थांबा, असे सांगणाऱ्या मालकाचा दृष्टांत इंजीलमध्ये आहे, कारण तणाबरोबर गहूही उपटला जातो. लोकांच्या कर्मांबद्दल अल्लाहने इथल्या इथे पकडायचे ठरवले असते, तर जमिनीवर एकही जीव उरला नसता, असे कुरआन सांगतो. पूर्ण कापणीचा दिवस अजून यायचा आहे. या दुनियेतील पीक पाहून निकाल लावणारा पेपर अर्धवट तपासून गुण देतो.

आणखी एक बाजू राहते. योहानाच्या चौथ्या अध्यायात एक पेरतो आणि दुसरा कापतो, असाही विचार आहे. तो पहिल्या तत्त्वाच्या उलट वाटतो, पण जगणे असेच असते. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ भाषांवरून मराठी बायबलचा अनुवाद करण्यात घालवली. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १९०६ साली तय्यबजी गेले. त्यानंतर त्या संस्थेत पिढ्या शिकल्या. आज आपल्या मुली पदव्या घेतात, आपण मराठीत लिहितो, हे पीक आपल्या एकट्याच्या नांगराचे नाही. तसेच आपण आज वर्गात, घरात, मोहल्ल्यात जे बोलतो, त्याचे पीकही आपल्याला नव्हे, आपल्या मुलांना कापावे लागेल. मुलांसमोर द्वेषाचा एक शब्द टाकताना हे आठवावे.

म्हणून या तत्त्वाचा उपयोग एकाच ठिकाणी करावा, स्वतःच्या मुठीपाशी. दुसऱ्याच्या उजाड शेताकडे गेलोच, तर अय्यूबांच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तसे गप्प बसावे, आणि उठताना पसाभर बियाणे ठेवून यावे. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका, अशी हुजूर (स. अ.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे. त्या रोपाचे फळ कोण खाणार, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही.