ओढणे आणि सोडणे



आपल्या मराठीत श्वासाची आणि सिगारेटची क्रियापदे एकच आहेत. श्वास आत ओढतात, सिगारेटही ओढतात. श्वास सोडतात आणि सिगारेटही सोडायची असते, पण ती मात्र राहून जाते. आजचे चिंतन या दोन क्रियापदांवर आहे. निमित्त आहे स्कुबा डायव्हिंगचे.

मालवणजवळचे तारकर्ली, कर्नाटकातले नेत्राणी बेट, अंदमानातले स्वराज द्वीप येथे सुट्टीत स्कुबासाठी जाणारे तरुण आता पुष्कळ आहेत. त्यातले काही सिगारेट ओढतात. कदाचित तुम्हीही त्यांपैकी एक असाल. सकाळी ध्यानाला बसत असाल आणि दुपारी टपरीवर थांबत असाल. हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्हाला दोषी ठरवणे हा त्याचा हेतू नाही.

पाण्याखालचा पहिला नियम

स्कुबाचा प्रशिक्षक पहिल्याच दिवशी बजावतो : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. प्राणायाम करणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटते, कारण कुंभक आपल्या ओळखीचा असतो. पण स्कुबात कुंभक वर्ज्य आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब १० मीटर खोलीवर असतो आणि २० मीटरवर तिप्पट. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती सहज बाहेर पडते. रोखलेली असेल तर फुफ्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हे प्राणावर बेतते.

आता सिगारेट ओढणाऱ्याचा विचार करू. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात. कफ बाहेर ढकलणे हे त्यांचे काम. धुराने ते मंदावतात, कफ साचतो, लहान नलिका अरुंद होतात. एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहू शकते. असा माणूस नियम पाळतो, श्वास चालू ठेवतो, तरीही त्याच्या नकळत आत थोडे काहीतरी धरलेले असते.

साधकहो, येथे क्षणभर थांबूया. आपल्या मनाचेही असेच नाही का? राग सोडला, अपेक्षा सोडली असे आपण मानतो. रोजच्या दिवसात काही जाणवतही नाही. पण परिस्थितीचा दाब बदलला की कोपऱ्यात धरून ठेवलेले फुगू लागते. इजा नेहमी जे धरले आहे त्याने होते. जे सोडले त्याने कोणालाही इजा झालेली नाही.

नळकांड्यातला हिशेब

मी वाणिज्य शाखेत शिकते, त्यामुळे मला हा भाग हिशेबासारखा दिसतो. पाणबुड्याच्या पाठीवरच्या नळकांड्यात साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. ही त्याची सगळी शिल्लक. जितके खोल जावे तितका प्रत्येक श्वास महाग होतो. वर येण्यासाठी साधारण ५० बार राखून ठेवायचे असतात. ज्याचा श्वास दीर्घ आणि संथ, त्याची शिल्लक जास्त वेळ पुरते. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याची लवकर संपते.

नळकांड्यात नुसता ऑक्सिजन नसतो. ती आपली नेहमीचीच हवा असते, गाळून दाबलेली. ती भरताना एक काळजी कसोशीने घेतात : इंजिनाचा धूर जवळपास असता कामा नये. कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. आणि मग एखादा जण पाण्यात उतरण्यापूर्वी धीर यावा म्हणून बोटीवर सिगारेट पेटवतो. जो वायू नळकांड्यात जाऊ नये म्हणून दुसऱ्यांनी एवढी काळजी घेतली, तोच वायू तो स्वतःच्या हाताने आत घेतो.

पण त्याला शांत वाटते, हेही खरे आहे. ते नाकारू नका, तपासून पाहा. निकोटिन कमी पडल्यामुळे आलेली अस्वस्थता निकोटिन मिळाल्यावर शमते, हा त्या शांतीचा मोठा भाग. उरलेला भाग म्हणजे दोन मिनिटे बाजूला उभे राहणे, लांब श्वास घेणे आणि सावकाश सोडणे. हा भाग तुमचा स्वतःचा आहे. तो पाकिटातून येत नाही.

खरे लिहा

पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्याचा एक अर्ज भरून द्यावा लागतो. त्यात दमा, छातीच्या तक्रारी, धाप लागणे यांबद्दल विचारतात. वय ४५ च्या वर असेल तर सध्या धूम्रपान करता का, हेही विचारले जाते. सहल हुकू नये म्हणून अनेकांचा हात ‘नाही’ वर जातो. पतंजलींच्या अष्टांगात प्राणायाम चौथा येतो. यम पहिला, आणि यमात सत्य आहे. श्वासाच्या साधनेआधी सत्य का ठेवले असेल, याचे उत्तर या अर्जावर मिळते. कागद फसतो, सोबतचा प्रशिक्षक फसतो, दाब फसत नाही.

म्हणून खरे लिहा. सिगारेटबद्दल विचारलेले नसले तरी सांगा. डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. त्यांनी थांबा म्हटले तर थांबा. समुद्र पुढच्या वर्षीही तेथेच असेल.

आणि आजपासून सोडायला सुरुवात करा. शरीर फार क्षमाशील आहे. शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत हृदयाची वाढलेली गती उतरू लागते. सुमारे १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. २ ते १२ आठवड्यांत फुफ्फुसांचे काम सुधारू लागते. सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. पण छाती मोकळी होईपर्यंत डायव्हिंग नको. एकट्याने जमत नसेल तर केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे : १८००-११-२३५६. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. मदत मागणे हीसुद्धा अहंकार सोडण्याचीच साधना आहे.

या आठवड्याचा अभ्यास

तलफ आली की पाकिटाकडे हात नेण्याआधी जेथे आहात तेथे उभे राहा. दहा वेळा श्वास घ्या. ओढण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. रोखू नका. मग स्वतःला विचारा : मी आत्ता काय धरून ठेवले आहे? उत्तर वहीत एका ओळीत लिहा. जे सिगारेट ओढत नाहीत त्यांनीही हा अभ्यास करावा, कारण तलफ फक्त तंबाखूचीच नसते.

ज्या दिवशी तुम्ही पाण्याखाली तरंगत असाल, तेव्हा एक गोष्ट जाणवेल. श्वास घेतला की शरीर किंचित वर जाते, सोडला की किंचित खाली येते. हात मारावे लागत नाहीत. तो श्वास निर्मळ असावा, हीच सदिच्छा.